सांडव्याच्या पायऱ्या

माय, तुला वाचता येत नव्हतं. मामाचं पत्र आलं की मी मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि तू भाकरी थापता थापता "ते परत वाच" म्हणायचीस. त्यामुळे हे पत्र लिहून मी नेमकं काय साधणार आहे, ते माझं मलाच ठाऊक नाही. तुला जाऊन तीस वर्षं होत आली. मी आता न्यूझीलंडमध्ये असते, ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात. साठीला टेकले आहे, जिना चढताना गुडघे धरतात, तरी इंजिनिअर म्हणून नोकरी करतेच आहे. गेल्या आठवड्यात एक भिंत बघायला गेले आणि तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस.

भिंत घराजवळच आहे. उतारावरच्या एका मैदानाची माती अडवून धरणारी, पुरुषभर उंच, काळ्या दगडाची. इथला दगड आपल्याकडच्यासारखाच आहे. हातात घेतला तर फरक सांगता येणार नाही. नव्वदेक वर्षांपूर्वी जगभर मंदी आली, कामधंदे बुडाले, तेव्हा इथल्या सरकारनं बेकार माणसांना लावून रस्ते, मैदानं, अशा भिंती बांधून घेतल्या. आपल्याकडच्या बहात्तरच्या दुष्काळातल्या कामांसारखंच. फक्त इथे बायकांना ते काम मिळत नसे, आणि तू मला आजीपाशी ठेवून, कामावर वाटलेली सुकडी खाऊन, दिवसभर पाझर तलावावर दगड वाहायचीस. आता मैदानाच्या मालकांना तिथे पार्किंग हवंय. भिंत ठेवायची की पाडायची, याचा अहवाल आमच्या ऑफिसनं द्यायचा होता आणि शेवटची सही माझी होती.

अहवाल लिहिला होता ऑफिसातल्या एका पुण्याच्या मुलानं. दोन वर्षांपूर्वी इथे आलाय, हुशार आहे, मला ताई म्हणतो. "ताई, हे डिप्रेशनच्या टाइमचं रिलीफ वर्क आहे," तो म्हणाला. "बेकार लोकांना काहीतरी काम द्यायचं म्हणून केलेलं. त्यात कसली आलीय क्वालिटी? क्लायंटलाही पाडायचीच आहे. तुम्ही साइन करा, स्वीट ॲज." म्हणजे 'एकदम झकास', इथली बोली. मी कागद चाळला. 'रोजगारासाठीचं काम, दर्जा संशयास्पद.' इंग्रजीत होतं, पण वाक्य माझंच होतं. मी सही केली नाही. सोमवारी बघू म्हटलं आणि घरी आले.

तुला ती संध्याकाळ आठवत असेल. मला पाटबंधाऱ्याची नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. तालुक्यातल्या जुन्या तलावांच्या पाहणीचं काम माझ्याकडे आलं होतं आणि त्यात तुमचाही तलाव होता. मी पहिला अहवाल लिहिला तो घरी आणून तुला वाचून दाखवला. केवढी ऐट होती मला! 'दुष्काळी काम, दर्जा निकृष्ट, दुरुस्ती परवडणारी नाही.' तुझा हात परातीतच थांबला. तू म्हणालीस, "बांधावरून पायानं चाललीस का?" मी म्हटलं, "चालले ना." "दगडाला हात लावलास?" "लावला." मग तू लाटणं उचललंस आणि चुलीपुढच्या फरशीवर आपटून दाखवलंस. एकीकडे भरीव आवाज आला, एकीकडे पोकळ. "आम्ही एकेक दगड असा वाजवून बघायचो," तू म्हणालीस. "पोकळ वाजला की उचकटायचा, खाली चिपा भरायच्या, पुन्हा बसवायचा. मुकादम वरडायचा, बाया टाइम खातात म्हणून." पीठ मळता मळता तू शेवटचं विचारलंस, "सांडव्यापाशी आम्ही पायऱ्या केल्यात पाणी भरायला. हायत ना अजून?" मी म्हटलं, "आहेत की." तू म्हणालीस, "बरं." त्यानंतर तू तलावाचा विषय कधीच काढला नाहीस. दुरुस्तीच्या यादीतून तुमचा तलाव गळला.

शनिवारी सकाळी मी हातोडी घेऊन त्या भिंतीपाशी गेले. बारीक पाऊस होता. एका टोकापासून दांड्यानं वाजवत निघाले; येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. आवाज भरीव येत होता. दर चार-पाच हातांवर एक लांब दगड भिंतीच्या पोटात आत गेलेला, फटींत चिपा ठोकून बसवलेल्या. शेवटी एका ठिकाणी फुगवटा सापडला, पण तिथे मागून कुणीतरी पाइप टाकताना भिंत उकलून कशीतरी परत रचली होती. समोरच्या घरातली म्हातारी छत्री घेऊन बाहेर आली. 'किआ ओरा' असा इथला माओरी नमस्कार केला, पाडणार का म्हणून विचारलं. तिचे वडील या भिंतीवर कामाला होते. घरी त्यांनी कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर आईकडून कळलं. "कोपऱ्यावरच्या दुकानात ब्रेड आणायला जाताना बाबा मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायचे," ती म्हणाली. "ही भिंत दिसू नये म्हणून. त्यांना वाटायचं, लोक याला भीक म्हणतात." तिथेच पावसात उभी राहून मी रडले, आणि तिनं काही न विचारता छत्री माझ्यावर धरली.

सोमवारी मी त्या मुलाला विचारलं, "भिंतीला हात लावला होतास का?" तो म्हणाला, "ड्रोननं फोटो काढले ना ताई, हीप्स ऑफ फोटो." मी म्हटलं, "हात." तो म्हणाला, "नाही. पाऊस होता, गाडीतून उतरलोच नाही. सॉरी." इतकं साधं असतं ते, माय. एका दमात म्हणून मोकळा झाला. आम्ही दोघं पुन्हा जाऊन आलो आणि अहवाल त्यानंच नव्यानं लिहिला: भिंत ठेवावी, पाइपापाशी दुरुस्ती करावी, काम उत्तम आहे. मी सही केली. मालक ऐकतील की नाही, माहीत नाही.

त्या वेळी मी तलावावर गेलेच नव्हते. जीप बंद पडली होती, ऊन रणरणत होतं आणि जुन्या फायलीत ते वाक्य आयतं मिळालं. तुला कधीतरी सांगू म्हणता म्हणता चार वर्षं गेली आणि तू गेलीस. दिवस झाल्यावर मी एकटीच तिथे गेले, बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, वाकून दगड वाजवले. एकही हललेला नव्हता. सांडव्यापाशी मात्र पायऱ्या सापडेनात. शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं, तर तो हसला. म्हणाला, "पायऱ्या? इथं कधी नव्हत्याच, बाई."

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे माझं खोटं तुला त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि तरी तू मला गरम भाकरी वाढलीस.