नानांचा नंबर

देऊळगाव राजा
१२ नोव्हेंबर २०२५

हरिओम,

अनेक आशीर्वाद. धाकट्या भावाले लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. मनातून आले नाहीत. इकडे सगळं ठीक. माय बरी आहे. तिचं यापेक्षा जास्त लिहीत नाही.

पत्र काऊन, तर माझा फोन तू ब्लॉक केला अन् रोपवाटिकेच्या ईमेलचा पासवर्ड बदलला. पोस्टमनले तरी ब्लॉक करता येत नाही.

नाना गेल्यावर बापाच्या फोटोपुढं तूच म्हणाला होता, शालूताई, नानांचा नंबर माझ्या प्लॅनमध्ये घेतो, मेलही मीच पाहतो, तुले त्यातलं काय समजते. मी मान डोलावली, तिथंच चुकली. मग रोपवाटिकेच्या जमिनीचे प्लॉट पाडायच्या कागदावर मी सही दिली नाही, अन् तू नंबर, मेल दोन्ही घेऊन पुण्यात रुसून बसला. दुसरबीडपर्यंत भिंतीभिंतीवर नानांचाच नंबर रंगवलेला आहे. तिथले कडूबा परवा एसटीनं आले. म्हणे, मिरचीच्या रोपांसाठी चारदा फोन केला, तुमचा हरिओम राँग नंबर म्हणते. इथं ट्रेमधली रोपं वाढून वाया गेली. बियाण्याच्या कंपनीची मोठी ऑर्डर मेलवर आली होती, ती तू उघडली नाही. जालन्याचा माणूस घेऊन गेला.

नंबर इकडे करायले तुझ्या फोनवर कोड येते, तेवढा सांग म्हणून मामाच्या हातून तीनदा निरोप धाडला. कोड आला नाही.

आता तुझा कोड नको. सोमवारी मायले घेऊन बसस्टँडजवळच्या दुकानात गेली. त्यानं आधी सगळ्यात स्वस्त प्लॅन दाखवला. मी म्हटलं, स्वस्त राहू दे, आमच्या शेडनेटमध्ये रेंज कोणाची लागते ते मी शेजाऱ्यांचे फोन फिरवून पाहिलं आहे, तेच सिम दे. ईमेलही फुकटचा घेतला नाही. महिन्याचे पैसे भरून रोपवाटिकेच्या नावाचा घेतला. पासवर्ड वहीत, वही मायच्या पेटीत. सगळं तिच्याच नावावर. माती कालवून तिच्या बोटांचे ठसे झिजले, मशीननं चारदा नाही म्हटलं, पाचव्यांदा घेतलं.

जे लिहायचं नव्हतं ते आता लिहितेच. दुकानदार म्हणाला, मावशी, एक फोन लावून पाहा. मायले पाठ एकच नंबर, नानांचा. तिनं लावला. तू उचलला. "हरिओम, मी बोलून राह्यली," एवढंच म्हणाली. तू "राँग नंबर" म्हणून कापला. नंबर नवा होता, ओळखला नाही म्हणशील. आवाज तर तिचाच होता ना बे?

माय दुकानदाराले म्हणाली, लागला फोन, चालू आहे. घरी आली अन् ट्रेमध्ये माती भरत बसली. हे मी तुले माफ करणार नाही.

काल भिंतीवर नवा नंबर टाकायले पेंटर आला. जुन्यावर चुना मार, मी सांगतलं. माय आडवी आली.

"राहू दे जुना नंबर खाली. लोक हरिओमले फोन करतील. गावचं बोलणं तरी कानावर पडल त्याच्या."

तिच्यापुढं माझं चालत नाही. म्हणून फोन येत राहतील. कापायच्या आधी कोण बोलते ते ऐकत जा.

नवा नंबर या पत्रात लिहीत नाही. भिंतीवर आहे. येऊन वाच.

फक्त नात्यानं तुझी,
शालू