तपासणीची बाटली

३ एप्रिल, बुधवार
आजपण तेच. मी भरून ठेवलेला तांब्या आमच्या मालकांनी म्हशीच्या घमेल्यात ओतला. टँकर चौथ्या दिवशी, तरी म्हशीला कमी पडू द्यायचं नाही, दूध आटलं तर दूध संस्थेत काय घालायचं. स्वतः दिवसभरात दोन पेले. सात वर्षं झाली शुगर. पावलावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. म्हणलं, ओ, म्हशीइतकं तरी पाणी प्या. तर म्हणे, "ती बिचारी मागती का?" म्हणलं, तुमी तरी कुठं मागता.

बोललं की रिपोर्ट दाखवतात. पौषात दूध संस्थेनं शिबिर घेतलं त्यातला. लघवी एकदम चांगली, किडनी ठणठणीत. पेटीत जपून ठेवलाय, लग्नपत्रिकेगत.

५ एप्रिल, शुक्रवार
सदऱ्याच्या खिशात गुडघेदुखीच्या लाल गोळ्या. किराणा दुकानातल्या. दिवसाला दोन-तीन, कधीपासून काय माहीत. बीपीच्या मात्र फळीवर जशाच्या तशा. "डोकं दुखत न्हाई तर कावून खायच्या?"

उपकेंद्राच्या सिस्टर लेकरांच्या डोसाला आलत्या, त्यांना दाखवल्या. भडकल्याच. शुगर, वर बीपी, पाणी कमी अन् ह्या गोळ्या, सगळं मिळून किडनी खातंय म्हणाल्या. मग रिपोर्ट बघितला. मग मालकांचे पाय बघितले. "मावशी, हा रिपोर्ट ह्या पायांचा वाटत न्हाई."

८ एप्रिल, सोमवार
कळलं. धाकटा दीर, नामदेव, दूध घालून येताना ओट्यावर टेकला. रिपोर्टचं विचारलं तर हसायलाच लागला. "वहिनी, तो माझा हाय."

शिबिरात रांग, सगळ्यांच्या हातात बाटल्या. मालकांना होईना. पोटात पाणीच नाही तर येणार कुठून. माणसं चेष्टेवर आली, "सेक्रेटरी, टँकर मागवू का?" तर नामदेवानं आपल्यातली अर्धी ह्यांच्या बाटलीत ओतली. झालं.

अन् हा माणूस संस्थेचा सेक्रेटरी, सगळ्यांचं दूध तपासतो. दुधात मापाची काच बुडवून बघतो, तांब्याभर पाणी घातलं तरी कॅन परत. सख्ख्या बहिणीचा परत केला, ती दिवाळीला आली नाही.

आधी हसू आलं. मग नाही.

९ एप्रिल, मंगळवार
मालकांना विचारलं. भाकरी खात राहिले. मग, "लोकं हसत होती."
म्हणलं, तीन महिने झाले, नंतर तरी सांगायचं?
भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "सिरसाळ्याच्या दाजीला बघितलंस ना."
दाजी आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला जायचे, मशीनवर रक्त धुवायला. वर्षात गेले.
"खरी बाटली दिली अन् तसंच निघालं तर?"
म्हणलं, न बघितल्यानं दाजी वाचले का?
उठून म्हशीकडं गेले.

१२ एप्रिल, शुक्रवार
बीपीची गोळी समोर उभं राहून देते. ह्यांची कळशी वेगळी केली, म्हशीनं तिला तोंड लावायचं नाही. लाल गोळ्या फेकल्या म्हणाले. दुपारी मी भाकरी घेऊन संस्थेत गेले तर दूध तपासायच्या काचेच्या डब्यात, काचेखाली, त्याच गोळ्यांचं एक पाकीट. माणसं होती म्हणून बोलले नाही. पदराला बांधून आणलं.
गुडघा दुखतो हे खरंय. तेल कोमट करून चोळलं. बघू.

१५ एप्रिल, सोमवार
सिस्टर म्हणाल्या, गेलेली किडनी परत येत नाही, राहिलेली राखता येते, पण कळायला पाहिजे ना. गुरुवारी सकाळी येणार. रक्त पण घेणार.

बाटली देऊन गेल्या. तिच्यावर ह्यांचं नाव घातलं. तिसरीपर्यंतची शाळा, पण नाव नीट आलं. नवऱ्याचं नाव तोंडानं कधी घेतलं न्हाई, पहिल्यांदाच लिहिलं. बाटली संस्थेत नेऊन ह्यांच्यासमोर काचेच्या डब्यावर ठेवली.

म्हणलं, बुधवारी संध्याकाळचं दूध सुरू व्हायच्या आत सांगायचं. ही बाटली तुमी स्वतः भरणार का न्हाई?
"अन् न्हाई म्हणलं तर?"
तर गुरुवारी मी दुधाच्या रांगेत उभी राहते, अन् शिबिरात कुणाच्या बाटलीत कुणाचं होतं ते सांगते. मग परत करा माझा कॅन.
 तांब्या उचलला, निम्मा प्याले.

निम्म्यानं भागणार नाही. बुधवारपर्यंत. हो का नाही, तेवढंच सांगा.