सासऱ्यांचा टाक आणि दोन कंप्रेसर

॥ श्री ॥

महाळुंगे पडवळ,
ता. १८ सप्टेंबर २०२५

ती. सौ. मोहिनीताईंना तेजस्विनीचा सा. न. वि. वि.

तुमच्या मातोश्री, म्हणजेच माझ्या सासूबाई, तुमच्याकडे मढला सुखरूप पोचल्याचं एसटीच्या कंडक्टरकडून कळलं. आमच्याशी त्या बोलत नाहीत, तेव्हा बातमी अशी फिरून येते. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या घरी फोन आला की तो स्पीकरवर टाकून चुलीपाशी ठेवतात, आणि मेसेज आला तर रामनाथदाजी तो बातम्यांसारखा मोठ्यानं वाचतात. हे आईंच्या कानावर जाऊ नये म्हणून पोस्टाचा रस्ता धरला.

माझी बाजू अशी. लग्नाला अकरा वर्षं होऊनही तुमच्या बंधुराजांना घरातली केरसुणी कुठं असते हे ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी यांनी ट्रॅक्टरचा फिल्टर साफ करायला कंप्रेसर आणला आणि एका संध्याकाळी गंमत म्हणून पंख्यावर हवा मारली. पंखा लखलखला, धूळ माझ्या भाकरीवर बसली. तेव्हापासून यांना घरकामाची अशी गोडी लागली की तिकीट लावून दाखवावी. खिडकीच्या जाळ्या, शिलाई मशीन, मिक्सरची भोकं, चपला, एकदा तर धुतलेली कोथिंबीर. कोथिंबीर अजून मिळायची आहे. मी कपाळाला हात लावत होते. मग एके दिवशी ती हवा मारायची गन माझ्या हातात आली, आणि ताई, दिवाणाच्या फटीतून जे जे निघालं ते बघून मीही बिघडले. पाडव्याला लोक बायकोला साडी घेतात. यांनी मला स्वयंपाकघरापुरता लहान कंप्रेसर घेतला, आणि मी चक्क लाजले. आता थोरला पडवीत असतो, धाकटा ओट्याखाली. संध्याकाळी आम्ही दोघं मिळून घर फुंकतो आणि कुणाचा कोपरा जास्त स्वच्छ यावर भांडतो. आईंना मात्र पूर्ण आराम दिला. शेंगा, बाजरी, जाळ्या-जळमटं, कशाला म्हणून हात लावू दिला नाही. इतकं सुख कुठल्या सासूला मिळतं?

परवा घट बसायच्या आधीची झाडलोट चालली होती. देव चिंच लावून घासायचं तेवढं काम आईंकडे उरलं होतं. यांनी म्हटलं, त्याआधी धूळ उडवून घेऊ. देवांसाठी प्रेशर कमी ठेवलं होतं, एवढी श्रद्धा आमच्यात आहे. खंडोबाचा टाक जागचा हलला नाही, भवानीचा हलला नाही. आबांचा तेवढा उडाला. आबा जाऊन इतकी वर्षं झाली, पण सवय गेली नाही, न सांगता बाहेर पडले. लोकांचे पितर पितृपक्षात घरी येतात, आमचे निघून गेले. आईंनी हातातली चिंच खाली ठेवली. पिशवी भरली आणि एसटी धरली.

अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा, कुठं शोधावा? त्यांच्या जागी सध्या सुपारी ठेवली आहे. आईंशिवाय घट कसे बसवायचे हे मला खरंच येत नाही. त्यांची समजूत काढा आणि लवकर पाठवून द्या. आमच्यावरचा लोभ अजून उडाला नसेल तर तो जपून ठेवावा.

आपली,
तेजस्विनी


मढ,
ता. २४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. तेजस्विनीस मोहिनीचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. गोठ्यात बसून वाचलं, कारण घरात वाचायला सध्या जागा नाही, सगळीकडे आई आहे. बापाला फुंकून उडवणारी मुलं पंचक्रोशीत दुसरी नसतील. आबाही बैलगाड्यांच्या शर्यतीला असेच न सांगता जायचे, पण जेवणवेळेला परत यायचे. तुमच्या यंत्रानं तीही सोय ठेवली नाही.

आईचं म्हणशील तर ती शेजारणींना सांगते की घरात वारं शिरलंय. तुझं नाव घेत नाही, यातच समज. इथं मी पाट दिला तरी बसत नाही. नाचणी निवडते, गोठा झाडते, मी घासलेली भांडी पुन्हा घासते, आणि तुला असलं गबाळं वळण कुणी लावलं म्हणून मलाच विचारते. मी उत्तर देत नाही, कारण उत्तर तिला आवडणार नाही.

घट तिनं माझ्याकडे बसवले. माळ सुरेख बांधली. पण दिवा लावताना डोळे पुसत होती. विचारलं तर धूर गेला म्हणाली, आणि चूल तर विझलेली होती. टाक सापडेपर्यंत ती काही यायची नाही, असं मला वाटतं. तेव्हा घर पालथं घाला. आणि अमृतला सांग, आईला फोन करायला प्रेशर लागत नाही.

तुमच्या दोघांवर माया आहे, यंत्रांवर नाही.

तुझी,
मोहिनीताई


महाळुंगे पडवळ,
ता. ३० सप्टेंबर २०२५

ती. सौ. मोहिनीताईंना सा. न. वि. वि.

आबा सापडले! यांनी आधी हवा मारूनच शोधायचा घाट घातला, म्हणजे होते तिथून आणखी लांब जावेत. शेवटी मी वायर काढली आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. अकरा वर्षांनी बंधुराजांच्या हाती केरसुणी आली. टाक कांद्याच्या टोपलीत निघाला, तळाच्या सालपटांत. यांनी तो हातात घेतला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला. मग नाक ओढलं आणि कांदा फार झोंबतो म्हणाले. तुमच्या घराण्यात धूर आणि कांदा नसता तर कुणाच्या डोळ्यांत पाणीच आलं नसतं.

शेजारच्या बयाबाई रोज विचारतात की सासूबाई कधी येणार, आणि मी तोंड उघडायच्या आत मान हलवतात. सुनेनं घालवली, असं गावात झालंय. ते मी सोसते. पण ताई, घर खायला उठतं. चहा अजून तिघांचा होतो आणि तिसरा कप गार झाल्यावर मी ओतून देते. मला त्या हव्या आहेत. त्यांच्याशिवाय दिवाळी करायला माझे हात चालायचे नाहीत.

दसऱ्याचं सोनं आणि आबांना घेऊन रविवारी यांना पाठवते. आईंची पिशवी तेवढी भरून ठेवा. लोभ पुरवून पुरवून वापरते आहे, कमी पडू देऊ नका.

आपली,
तेजस्विनी


मढ,
ता. ६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. तेजस्विनीस अ. उ. आ.

अमृत एकटाच परत आलेला तू पाहिलासच. त्यानं घरी काय सांगितलं असेल देव जाणे, म्हणून झालं ते लिहिते.

टाक हळदीच्या फडक्यातून काढून त्यानं आईच्या हातात दिला. तिनं डोळ्यांना लावला, आबांना दोन शब्द सुनावले, ते पत्रात लिहिण्यासारखे नाहीत, आणि टाक परत अमृतच्या हातात ठेवला. याच्या जागी नेऊन बसव, म्हणाली. मी भरून ठेवलेली पिशवी तिनं उचलून पुन्हा खुंटीला अडकवली. म्हणजे टाकाचं माझं अनुमान चुकलं. अमृतनं विचारलं की तिथं तुला काय कमी आहे, नुसतं बसून तर खायचंय. तेच तर, एवढंच ती म्हणाली. माझ्या विद्वान भावाला त्यातलं काही कळलं नाही. उरलेला वेळ त्यानं आमच्या यांना प्रेशर समजावण्यात घालवला. आता आमच्याही घरी एक कंप्रेसर येऊ घातलाय, निमित्त भाताचं. साथ इथवर पोचवल्याबद्दल आभारी आहे.

तुझं पहिलं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. आईंना पूर्ण आराम दिला, असं मोठ्या कौतुकानं लिहिलंयस. हा आराम तिनं मागितला होता का गं? उत्तर मला नको. तिला लिही. ती वाचून घेईल, मी बघते.

रागावले आहे, पण आशीर्वाद खरे आहेत.

तुझी,
मोहिनीताई


महाळुंगे पडवळ,
ता. १० ऑक्टोबर २०२५

ती. आईंच्या चरणी तेजस्विनीचा शि. सा. न.

ताईंनी माझे कान उपटले. चुकलं आमचं. तुमचं एकेक काम आम्ही काढून घेतलं आणि वर उपकार केल्यासारखं मिरवलं. मला वाटायचं तुम्ही सुखात आहात. मी कधी विचारलंच नाही.

दोन्ही कंप्रेसर गोणपाटाखाली झाकून ठेवले आहेत. बाजरी निवडायची ठेवली आहे, शेंगा तशाच आहेत, नवीन सूप आणलं आहे. तुम्ही या आणि सगळं पूर्वीसारखं तुमच्या हातानं करा. हे संध्याकाळी पडवीत त्या झाकलेल्या यंत्राशेजारी तोंड पाडून बसतात, जसा काही बैलच आजारी आहे. पण तुमच्यापुढे त्याचं काय! तुम्ही या. मला तुमच्यावाचून करमत नाही, हे तोंडावर कधी बोलले नसते, म्हणून लिहिते.

तुमचीच,
तेजस्विनी


मढ,
ता. १४ ऑक्टोबर २०२५

(आई सांगते आहे, मी लिहिते आहे. एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही अशी ताकीद आहे. – मोहिनी)

चि. सौ. तेजस्विनीला लई लई आशीर्वाद.

तुजं पत्र मोहिनीनं वाचून दाखवलं. रामनाथराव बी बसलं व्हतं, म्हंजी आता सगळ्या मढाला ठावं झालं. सूप आणलंस ते बरं केलंस, तुलाच लागंल. मला कशाला? उभा जल्म पाखडलं, खांदं मोडून गेलं. मला सूप पायजे असं तुला कुनी सांगितलं? पयल्यांदा न इचारता काम काढून घेतलंस, आता न इचारता परत देतीस. लई शहाणी.

अगं, यंत्राचा मला राग न्हवता. तुमी दोगं सांजच्याला फुंकत हसत बसायचा, ते मी पडवीच्या टोकाला बसून बघायची. ग्वाड वाटायचं. तुजं सासरं शर्यतीत आन मी कामात, आमी दोगांनी मिळून कधी एक फडकं बी मारलं न्हाई. मला वाटायचं, आपुन बी एकदा धरून बघावं. पुढं आले तर अमृत म्हनायचा, आई बाजूला व्हय, डोळ्यात जाईल. आन तू पाट द्यायचीस बसायला, पावण्याला देत्यात तसा. देव तेवढं माजं व्हतं, त्ये बी तुमी फुंकलं. टाक उडाला त्येचं काय न्हाई, त्यो उडणाराच माणूस. पर आता या घरात माजं काय राह्यलं, असं मनात आलं आन मी उठले. लई रडले बी, एसटीत. कंडक्टरला इचार.

परवा रामनाथरावांनी यंत्र आणलं. नारळ माज्या हातानं फोडला आन म्हनलं, आत्याबाई, तुमीच चालू करा. म्या खटका दाबला. पार आंगणभर भुसा उडाला, मोहिनीच्या वाळत घातलेल्या साड्यांवर जाऊन बसला. ती लई वरडली. मी इतकी हसले की खाली बसावं लागलं. तवाच ठरवलं, आता घरी जायाचं.

तवा असं कर. यंत्रावरचं गोणपाट काढ, अमृतचा जीव हाय त्यात, आन तुजा बी. वसुबारसेच्या आत त्याला मला न्यायला धाड. देव मी चिंचेनं घासणार, तितं हवा मारायची न्हाई. माळ्यावरच्या तांब्यापितळेच्या भांड्यास्नी हात लावू नको, लई वर्सांची धूळ हाय त्यावर. थोरलं यंत्र मी धरणार. तुमी दोगं बाजूला व्हा, डोळ्यात जाईल.

माया हाय गं, ती काय लिहून दावायची?

तुजी सासू,
कुशाबाई