गाळा ऋतिकाचा, ग्राइंडर भावोजींचा

मी, श्रीमती नलिनी रामचंद्र मेस्त्री, वय अडुसष्ट, राहणार भांडुप पश्चिम, माझ्यामागे काय कुणाचं हे राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरबाईंनी तपासलंय. याआधी कुठे काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर मुलगा राजेश याला. आजारपणात त्याने मला फुलासारखं जपलं, देव त्याचं भलं करो. पण ‘गाळा विकून मोकळे होऊया’ हे त्याचं पालुपद मला मान्य नाही.

२. माझ्या एकटीच्या नावावरचा मशीन शॉपचा गाळा, लेथ आणि सगळी हत्यारं मुलगी ऋतिका हिला. आमच्याकडे इन्कोनेलचे व्हॉल्व्हचे दांडे बनतात. हा निकेलचा धातू महाखट! कापता कापता आणखी कडक होतो आणि सगळा ताप टूलच्या टोकाला बसवलेल्या टिपेला, म्हणजे कापणाऱ्या तुकड्याला. साधी टिप लावली की जळालीच. गिऱ्हाईक हातचं चाललं होतं. तेव्हा ऋतिकाने कोटिंगच्या जांभळट काळ्या टिपा आणल्या. लेप केसाहून पातळ, पण ताप झेलतो, धातू चिकटू देत नाही. पोरीने गाळा तारला. राजेशने त्यावर हक्क सांगू नये, ही आईची विनंतीही आहे आणि कायदेशीर इच्छाही.

३. दीर भाऊराव मेस्त्री यांना गाळ्यातला धार लावायचा ग्राइंडर. माझे यजमान वारले तेव्हा सगळे म्हणाले, बाईमाणसाचं लेथवर काय काम? भावोजींनी मला लेथवर उभं केलं, मायक्रोमीटर वाचायला शिकवलं. ते उपकार फिटायचे नाहीत. पण खंडेनवमीला बोथट हत्यार देवापुढे ठेवायचं नाही, हा सासऱ्यांचा नेम. त्यापायी गेल्या वर्षी भावोजींनी ऋतिकाच्या नव्याकोऱ्या टिपा ग्राइंडरला लावल्या! लेप साफ. चकचकीत टिपांना हळदकुंकू वाहून वर मला म्हणतात, “बघ वैनी, कशी झकास धार इली!” दसरा झाल्यावर पहिल्याच दांड्यावर त्या जळाल्या. मी सगळ्यांदेखत ओरडले, “वाट लावलीत ना, भावोजी!” ते रुसून गेले ते गाळ्यात फिरकलेच नाहीत. माझा राग खोटा नव्हता, पण माणूस मला परत हवाय.

४. मी गेल्यावर गाळा बंद ठेवू नये. शेजारच्या गाळेवाल्यांनी वेळोवेळी मला सांभाळलं, त्यांना गोडाचं जेवण घालावं.

सह्यांच्या वेळचा खुलासा: कलम ३ मी खोडलं आहे. निरोप मिळताच भावोजी आज साक्षीला आले. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतंय त्याने साक्ष करू नये, उद्या कुणी शंका काढेल. भावोजी ताडकन म्हणाले, “मगे माका काय नको. उद्या राजेश कोर्टात गेलो तर ऋतिकाच्या बाजूक कोण उभो रवतलो? काढ ता कलम!” काढलं. मला रडू आलं, लपवत नाही.

ग्राइंडर आत्ताच टेम्पोत घालून त्यांच्या घरी धाडला. जितेपणी दिलेल्या वस्तूला मृत्युपत्र लागत नाही. खंडेनवमीच्या पूजेला ऋतिकाने दरवर्षी काकांनाच बसवावं. टिपांचा डबा तेवढा कुलपात ठेवावा.

लिहून देणार: नलिनी रामचंद्र मेस्त्री

आमच्यासमोर वाचून, खाडाखोड दाखवून सही केली:
१. भाऊराव विठोबा मेस्त्री
२. डॉ. गंधाली तावडे

भांडुप, मुंबई. दि. ४ सप्टेंबर २०२५