तरंगते नव्हे, तरंगवतो

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
नौका विमा विभाग, दुसरा मजला
(जिन्यासमोरची खोली, जिथे मला बाकावर बसवून सगळे जेवायला गेले)

विषय : विजेने आमच्या शिडाच्या नौकेच्या तळाला पाडलेले भोक बुजवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र. त्यात "नौका सुस्थितीत तरंगत असल्याने प्रकरण तातडीचे नाही" असे म्हटले आहे.

महोदय,

माझ्या मुलाने याआधी केलेले अर्ज फार सभ्य होते. त्याचे फळ संदर्भात दिले आहे. म्हणून हा अर्ज मी स्वतः लिहीत आहे. माझे शिक्षण चार बुकांचे आहे, तरी शुद्धलेखन सांभाळून घ्यावे. मजकूर सांभाळून घेण्याची गरज नाही, तो खरा आहे.

१. नौका आमच्या ह्यांच्या माघारी माझ्या नावावर आहे. मुलगा तिच्यातून लोकांना समुद्रावर फिरवून आणतो, त्यावर घर चालते. गेल्या महिन्यात धक्क्याला बांधलेली असताना तिच्या डोलकाठीवर वीज पडली. आत कोणी नव्हते, एवढे नशीब. दिवे, बॅटरी, वायरलेस आणि पाणी उपसायचा पंप जळाला, आणि जाता जाता वीज तळाला तांदळाच्या दाण्याएवढे भोक पाडून गेली.

२. कंपनीने कळवले की पाहणी पूर्ण होईपर्यंत नौका हलवू नये व कशालाही हात लावू नये, अन्यथा दावा रद्द. आम्ही हात लावला नाही. मुलगा, सून आणि मी पाळीपाळीने बादलीने पाणी काढतो. शेजारच्या नावाड्याने आपला पंप दिला होता, पण पोट त्यालाही आहे, त्याने तो परत नेला. खाऱ्या पाण्याने सुनेच्या हातांची सालपटे निघाली आहेत. लग्न होऊन आल्यापासून तिला मी चांगले म्हटले नव्हते. आता म्हणावे लागते, ही वेळ कंपनीने आणली.

३. आपले पाहणी अधिकारी येऊन गेले. ते धक्क्यावरच उभे राहिले. "वीज कुठून बाहेर गेली?" म्हणाले. मी म्हटले, "तळातून." "तळ पाण्यात आहे, दिसत नाही." "मग आत उतरा, आतून दिसते." "आत पाणी आहे." मी म्हटले, "साहेब, पाणी आहे म्हणूनच तुम्हाला बोलावलंय." त्यावर ते म्हणाले, पाणी पावसाचेही असू शकते. मी ओंजळ पुढे केली आणि म्हटले, चाखून बघा. त्यांनी "अर्जदाराने सहकार्य केले नाही" असे लिहिले. ओंजळीबद्दल मी माफी मागते. पाणी खारटच आहे.

४. आता मूळ मुद्दा. दाव्याच्या फॉर्मवर प्रश्न होता, "नौका तरंगत आहे काय?" मी लिहिले, "तरंगत नाही, आम्ही तरंगवतो आहोत." आपल्या कारकुनाने सांगितले, "आजी, इथे होय किंवा नाही एवढंच चालतं," आणि माझे वाक्य खोडून "होय" केले. तरंगणे नौकेचे काम आहे, तरंगवणे माणसाचे. एका अक्षराच्या फरकात तीन माणसे उभी आहेत, ती आपल्या कागदावर कुठेच नाहीत. चौकशी केली तेव्हा तोच कारकून हळूच म्हणाला, "बुडाली असती तर एव्हाना निकाल लागला असता."

५. भोक दाखवायचे तर नौका काठावर ओढायला हवी. ओढायची तर पाहणी पूर्ण व्हायला हवी. पाहणी पूर्ण व्हायची तर भोक दिसायला हवे. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी आमची गत आहे. सुताराने लाकडाची खुंटी तासून ठेवली आहे. ठोकायला दोन घाव पुरेत. पण ठोकली तर पुरावा बुजवला असे होईल, म्हणून ती माझ्या कमरेला पिशवीत आहे.

साहेब, मी आजवर कोणाच्या दारात दुसऱ्यांदा गेले नाही. आपल्या दारात किती वेळा आले ते आपल्या शिपायाला विचारावे. भांडायचे तर कोणाशी, हेही आता कळत नाही. आपल्याकडे सगळे गोड बोलतात.

तरी मेहेरबानी करून दोनपैकी एक लिहून द्यावे. "भोक बुजवा" किंवा "बुडू द्या". दुसरे लिहिलेत तरी मी तक्रार करणार नाही, सुनेला नौकेतून वर बोलावून घेईन. पण कागद आपला हवा. आमच्या हातून बादली खाली ठेवली जाणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. मला भीती आहे की ते आपल्यालाही ठाऊक झाले आहे, म्हणूनच उत्तर येत नाही.

उत्तराची वाट बघणारी,
आपली विमेदार
(सही स्वतःची आहे, अंगठा नाही)

दिनांक : आजचाच. पाळी संपवून लिहिले.

सोबत :
१. पॉलिसीची प्रत.
२. भोकाचा आतून काढलेला फोटो. पाणी पूर्ण काढून, पुन्हा भरायच्या आत काढला आहे, त्यामुळे थोडा हलला आहे.