न हलणारं कपाट

हट्टी दादास,

गेल्या पुरात आपण दोघं टेबल माळ्यावर चढवत होतो, तेव्हा तू चिडून म्हणालास, "नदीवर मातीचं धरण बांधतायत म्हणे! मातीचं ढेकूळ पाण्यात टाकून बघा. ते टिकलं तर मिशी काढीन." आणि उंचावरच्या शहरात बिऱ्हाड हलवलंस.

तर ऐक. गेल्या महिन्यात तस्साच पाऊस कोसळला. सवयीने आम्ही गाद्या वर नेल्या, आई जिन्यात जागत बसली. पण धरणाने सगळा लोंढा पोटात घेतला आणि बेताबेताने सोडला. नदी गल्लीच्या तोंडाशी आली, खालची पायरी ओली केली आणि मुकाट परत गेली!

आपल्या घरात कुठलीही वस्तू दोघांना उचलता येईल अशीच घ्यायची, हो ना? दुसऱ्याच दिवशी आई सुताराला म्हणाली, "आता असं कपाट कर, की कुणाच्या बापाला हलवता येऊ नये." ते आत आणायला अख्खी गल्ली लागली. मिशीचं काय ते कळव.

एवढं लिहून पाकीट चिकटवणार, तोच दार वाजलं. दारात एक गुळगुळीत चेहऱ्याचा पाहुणा. आई म्हणाली, "कोण हवंय?" तू हसलास तेव्हा कुठे ओळख पटली.

आता हे पत्र टाकू कुठे? तू बाहेरच्या खोलीत कपाटाला खांदा लावून घाम गाळतोयस, आणि मला हाका मारतोयस.

नाही येत, जा!

तुझी,
जन्मभर दुसरं टोक धरलेली धाकटी