मामाची दोरी

प्रिय चिमे,

तुझं मशीन मजेत आहे. कपडे धुतं आणि आतल्या आत वाळवतंही. शेजारच्या काकू खास बघायला येऊन गेल्या. माझ्या कमरेच्या काळजीने तू एवढं हौसेने पाठवलंस, म्हणून पुढचं फोनवर सांगवलं नाही. पत्रात तोंड दिसत नाही, तेवढीच सोय.

मामा सुरुवातीला मशीनच्या काचेसमोर बसून असायचा. शर्ट गरगरले की टाळ्या पिटायचा. मग नेहमीच्या वेळी वाळत घालायच्या कपड्यांची बादली मागायला आला, तर मी म्हटलं, बस आता निवांत, साठी उलटली, किती राबशील. तर तो विचारतो कसा, त्याच्या हातून कुठला कपडा पडला, काय खराब झालं. मी ते हसण्यावारी नेलं.

तुला आठवतंच, गच्चीवरच्या सगळ्या दोऱ्या त्याच्या ताब्यात. नुसता चिमटा लावायला शिकवताना आजीच्या नाकी नऊ आले होते, पण एकदा शिकला तो शिकला. एकटा मोजा सापडला की ‘बिचारा’ म्हणत त्याचा जोडीदार शोधत दारोदार फिरायचा. जिन्याची चढउतर व्हायची, चार घरी गप्पा व्हायच्या. तुझे बाबा त्याला मोज्यांचं वधूवर सूचक मंडळ म्हणायचे.

मशीन आल्यापासून तो खिडकीतल्या खुर्चीत. आधी मला बरंच वाटलं गं, म्हटलं विसावला बिचारा. मग जेवणावरची वासना गेली, जिना नको म्हणायला लागला, आणि एके दिवशी बनियन चढवताना उजवा हात वरच जाईना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तपासलं. खांदा आखडलाय म्हणाल्या, मामासारख्या, बुद्धीने लहानच राहिलेल्या माणसांचं रोजचं काम सुटलं की अंग फार लवकर धरतं, आता आहे तेवढं टिकवा. आपण दोघींनी मायेनेच त्याला बसवलं, हेच मनाला फार लागतं. रागवायचं तरी कोणावर?

मशीन आता फक्त धुतं. मामा पुन्हा गच्चीवर जातो. मध्येच दमतो, एक चादर घालायला युगं लावतो, आणि मी तोंडाला कुलूप लावून बाजूला उभी राहते. हात नुसते शिवशिवतात माझे.

माझ्या कमरेचं ऑपरेशन झालं की मी हिंडूफिरू लागेपर्यंत तो तुझ्याकडे राहणार. काल फोनवर तू म्हणालीस, मामाला इकडची काडी तिकडे करू देणार नाही. ते ऐकून मला राहवेना, म्हणून हे लिहायला बसले. करू दे गं त्याला. कपडे खाली पडतील, पुन्हा धू, पण त्याच्या हातातून घेऊ नकोस. त्याची दोरी आणि चिमट्यांचा डबा त्याच्या पिशवीत घातलाय. बाल्कनीत बांध, पण इथल्यासारखी उंच नको. तुझ्या छातीएवढी बांध. त्याचा हात आता तेवढाच जातो.

तुझीच,
आई